चौकोनी जीभ

दार दोन हवालदारांनी जुन्या चादरीत गुंडाळून आणलं आणि प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर आडवं ठेवलं. चादर काढल्याबरोबर खोलीभर जळक्या फोमचा वास पसरला.

"यात तपासण्यासारखं काही नाही, मॅडम," सहायक निरीक्षक वसगडेकर म्हणाले. "खालची जीभ बाहेर आहे, डोळ्यांनी दिसतंय. बाईनं बाहेरून चावी फिरवली आणि म्हाताऱ्याला कोंडून निघून गेली. तेवढं लिहून द्या. मागे रंगाच्या गोदामाच्या केसला दिलं होतं ना, तसं. चारच ओळींचा रिपोर्ट, पण कोर्टात काय टिकला!"

"चौकटीची पट्टी कुठाय?" मी विचारलं.

"कसली पट्टी?"

"कुलपाची जीभ जिच्यात जाते ती. चौकटीवर बसवलेली असते."

"ती तिथंच असेल. आम्ही दार आणलंय अख्खं, ते पुरत नाही का?"

ही सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. रसायनशास्त्रात एम. एस्सी. करून मी सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत लागले, त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. जळालेल्या वस्तू माझ्याकडे येत.

हे दार होतं कोठावळे यांच्या घराचं, दुसऱ्या मजल्यावरचं. सकाळी अकराच्या सुमारास टीव्हीच्या स्टॅबिलायझरनं पेट घेतला, त्यातून सोफा पेटला आणि घर धुरानं भरलं. घरात एकटे मल्लाप्पा कोठावळे होते. वय एकाहत्तर, गिरणीतून निवृत्त झालेले, अर्धांगवायूनं उजवा हात गेलेला. अग्निशमन दलानं दार फोडलं तेव्हा ते दारापासून दोन पावलांवर मरून पडलेले सापडले. सून उज्ज्वला दळण आणायला गेली होती. मुलगा पुण्यात नोकरीला. सासऱ्या-सुनेचं पटत नव्हतं, असं शेजारच्या तिघांनी सांगितलं होतं.

सगळं प्रकरण कुलपावर येऊन थांबलं होतं. त्या कुलपाला दोन जिभा होत्या. वरची तिरकी, स्प्रिंगची; दार ओढलं की आपोआप लागणारी. बाहेरून ती चावीनंच उघडायची, पण आतून मूठ खाली दाबली की झालं. मल्लाप्पा डाव्या हातानं तेवढं करू शकत. खालची जीभ चौकोनी. ती बाहेरून चावीचे दोन फेरे दिले की बाहेर यायची. आतून तिला पितळेची लहान फिरकी होती, घट्ट. ती मल्लाप्पांना फिरवता येत नव्हती, आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणून ते आत असताना चावी फिरवायची नाही, दार नुसतं ओढायचं, असं मुलानं बायकोला बजावून ठेवलं होतं.

दार माझ्यासमोर होतं आणि चौकोनी जीभ वीस मिलिमीटर बाहेर होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिपाई सांगत आला, बाहेर एक बाई सकाळपासून बसल्या आहेत. मी बाहेर गेले. तिशीची, सडपातळ, हातात कापडी पिशवी. जामिनावर सुटून ती भावाकडे राहत होती.

"मी उज्ज्वला कोठावळे," ती उठून उभी राहिली. "आमचं दार इथं आणलंय म्हणे."

"तुम्हाला इथं थांबता येणार नाही."

"थांबत नाही. एवढंच विचारायचं होतं. मी दार नुसतं ओढलं होतं, मॅडम. ते दारावरून कळतं का?"

मी तिच्याकडे बघत राहिले. तिनं डोळे खाली घेतले नाहीत. रडतही नव्हती. निरपराध माणूस प्रयोगशाळेपर्यंत कशाला येईल, असं माझ्या मनात आलं. दारावरून काय कळतं, याची चौकशी कुणाला लागते?

"भांडत होतो आम्ही," ती म्हणाली. "ते खोटं नाही. चहात साखर कमी झाली तरी मामंजी कप सरकवून द्यायचे. मीही गप्प बसणाऱ्यातली नाही. पण त्या दिवशी नव्हतो भांडलो. त्यांनीच सांगितलं, ज्वारी जरा जाडसर दळून आण."

"जा आता तुम्ही," मी म्हणाले.

आत येऊन वहीत लिहिलं: आरोपी स्वतः आली. दारावरून काय कळतं ते विचारलं. त्याखाली रेघ मारली.

संध्याकाळी भिंगाखाली दाराची कड बघायला घेतली.

धूर बंद दाराच्या फटीतून बाहेर येतो आणि जाताना फटीत जे असेल त्याच्यावर काजळी ठेवतो. वरच्या तिरक्या जिभेवर तीन मिलिमीटर रुंदीचा काळा पट्टा होता. दार आणि चौकट यांच्यातली फट तेवढीच होती. खालच्या चौकोनी जिभेवर पट्टा नव्हता. चारही बाजूंनी ती स्वच्छ होती. वरच्या बाजूला तेलाचा जुना थर तसाच. ती जर आगीच्या वेळी बाहेर असती, तर त्याच फटीतून तीही आडवी गेली असती.

मी दिवा जवळ आणला. पुन्हा बघितलं. मग वसगडेकरांना फोन करून त्या घराची चावी मागितली.

"चावी कसली मागताय, मॅडम, दार तुमच्याकडेच आहे," ते म्हणाले. "फळी ठोकलीय तिथं. हवालदार पाठवतो."

चौकटीवरची पट्टी मी स्वतः स्क्रू काढून घेतली. तिला दोन भोकं होती. वरच्या भोकाची कड आतल्या अंगाला फाटून वळली होती. खालचं भोक नव्यासारखं. कटावणी लावून दार तोडलं तेव्हा जोर फक्त वरच्या जिभेनं पट्टीला दिला होता.

म्हणजे उज्ज्वला खरं बोलत होती. दार नुसतं ओढलेलं होतं. मल्लाप्पांना धुरानं दारापर्यंत पोहोचूच दिलं नव्हतं.

पण मग चौकोनी जीभ बाहेर कुणी काढली?

आगीनंतर ती फिरकी फिरवल्याशिवाय हे होणं शक्य नव्हतं, आणि वसगडेकर नेमका हाच प्रश्न विचारणार होते. उत्तर नसेल तर माझी काजळी आणि माझी पट्टी कोर्टात किती वेळ टिकेल? हाताळताना पुसली गेली असेल, असं सरकारी वकील एका वाक्यात म्हणून गेला असता.

मी पंचनाम्याचे कागद काढले. दारातून पहिला आत गेलेला माणूस: लीडिंग फायरमन हिंदुराव शेलार. त्याच्या जबानीत एक वाक्य स्वच्छ होतं: कुलपाला मी हात लावला नाही. आणखी एक गोष्ट तीन शेजाऱ्यांनी सांगितली होती. बंब आल्यावरही दार फोडायला चार मिनिटं लागली. एकजण म्हणाला होता, तो माणूस दारापुढं गुडघ्यावर बसून राहिला होता, जणू पूजाच करतोय.

नुसत्या स्प्रिंगच्या जिभेवर लागलेलं दार. चार मिनिटं. आत माणूस मरतोय. मला वाटलं, धागा हाती लागला. उशीर झाकायचा असेल, तर दार दुहेरी लावलेलं होतं असं दिसणं या माणसाच्याच सोयीचं होतं. त्यासाठी फिरकीचे दोन फेरे पुरले असते.

बाजारातून तसलंच कुलूप घेतलं आणि अग्निशमन केंद्रावर गेले.

हिंदुराव शेलार पन्नाशीचा, ठेंगणा, भुवया अर्ध्या जळून गेलेला. अंगणात सरावासाठी एक दार उभं केलेलं होतं. लोखंडी चौकट आणि तिच्यावर तुटली की बदलता येणारी लाकडी पट्टी. त्यानं माझं कुलूप हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं.

"ह्येच होतं त्या घराला. तुमी कशाला आणलं?"

"तुम्ही दार कसं फोडता ते बघायचंय."

"बघा की. पर रिपोर्टात आमच्यावर शेकवायचं आसंल तर तसं आधीच सांगा, म्हंजे इस्त्रीचा ड्रेस घालून येतो." बाकीचे फायरमन हसले. त्यातल्या दोघांनी माझं कुलूप सरावाच्या दारावर बसवलं.

"चार मिनिटं का लागली?"

हसणं थांबलं. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं.

"शेजाऱ्यांनी सांगितलं व्हय? त्यास्नी वाटतं, लाथ घातली की दार उघडतं. सिनेमात उघडतं." तो दाराशी गुडघ्यावर बसला. "ह्ये बघा. पयलं, दार उघडंच हाय का ते बघायचं. तुमी हसाल, पर उघडी दारं फोडल्याली मी बघितल्यात. मग हातमोजा काढायचा आन् हाताची पालथी बाजू लावायची. खालनं वर. त्या दिवशी कमरेच्या वर दार तापल्यालं. फटीतनं धूर येत हुता, जात हुता. येत हुता, जात हुता."

"श्वास घेतल्यासारखा?"

"त्येच. आत आग हवेसाठी तडफडत आसती. आसं दार आपण धाडकन उघडलं, की आपण हवा दिली. मग आतला म्हातारा बी जातो आन् भाईरचे चार बी. म्हणून पाण्याचा पाइप वर येस्तवर थांबलो. मुठीला दोर बांधला, दार आपल्या ताब्यात पायजे. अंगानं एका बाजूला, तोंड खाली. मग कटावणी."

त्यानं सगळं हळूहळू करून दाखवलं. कटावणीचं चपटं तोंड कुलपाच्या वर चौकटीत घातलं, दुसऱ्यानं घणाचे दोन हलके ठोके मारले, शेलारनं दांडा दाराकडे रेटला. लाकडी पट्टी कडकडली. दोर ताणून त्यानं दार वीतभरच उघडू दिलं, आत बघितलं, मग खालच्या बाजूला पाचर सरकवली आणि ओणवा आत गेला. बोलणं सगळा वेळ चालू होतं.

मी कुलूप बघितलं. चौकोनी जीभ आत होती.

"शेलार, त्या दिवशी कुलपाची आतली फिरकी तुम्ही फिरवली?"

"न्हाई."

"नीट आठवा."

"जबानी दिलीया मी. दोनदा. हात लावला न्हाई म्हंजे न्हाई." त्याचा आवाज चढला. "त्या बाईला वाचवायला आमच्यातला कुणीतरी पायजे, आसंच ना? चार मिनिटांवरनं आल्या आन् आता फिरकीवर."

"मी कुणाला वाचवायला आलेली नाही."

"मग कशाला आलाय?"

मी वही मिटली. निघावं असं ठरवलं होतं, आणि तेवढ्यात एक गोष्ट डोक्यात आली. त्यानं प्रत्येक कृती तोंडानं सांगत केली होती. जे सांगितलं तेवढंच केलं होतं. प्रयोगशाळेत नवीन मुलीला एखादी चाचणी शिकवताना मीही असंच करते. आणि एकटी असताना दोन-तीन गोष्टी अशा करते, ज्या शिकवताना मला आठवतही नाहीत.

"अजून एकदा कराल?" मी म्हणाले. "पूर्ण पोशाखात, मुखवटा लावून. आतल्या बाजूला ओली पोती पेटवून धूर करा. बोलायचं नाही. आत एक माणूस आहे असं समजून करा."

"खेळ लावलाय व्हय," तो पुटपुटला. पण केंद्रप्रमुखांनी मान हलवली तसा तयार झाला. आत त्यांनी पोत्यात भुसा भरून केलेला सरावाचा पुतळा ठेवला. मी नवीन लाकडी पट्टी बसवलेली तपासली, दार ओढून लावलं, वरची जीभ लागल्याची खात्री केली, आणि स्टॉपवॉच घेऊन दहा फुटांवर उभी राहिले.

या वेळी तो वेगळाच माणूस होता. पालथा हात, दोर, कटावणी. कुठं घाई नाही, कुठं थांबणं नाही. पट्टी तुटली, दार वीतभर उघडलं, धूर बाहेर आला, पाचर गेली. तो दाराला खेटून आत शिरला. एका क्षणासाठी त्याचा डावा हात दाराच्या आतल्या अंगाला गेलेला मला दिसला, फार तर दोन सेकंद. मग तो धुरात नाहीसा झाला. पुतळा ओढत बाहेर आला तेव्हा घड्याळात तीन मिनिटं बावन्न सेकंद झाली होती.

मी दाराशी गेले. चौकोनी जीभ पूर्ण बाहेर होती.

"शेलार," मी म्हणाले. "हे बघा."

त्यानं मुखवटा वर केला. जिभेकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"तुमी काढली?"

"मी दाराला शिवले नाही. हे सगळे बघत होते."

त्यानं बाकीच्यांकडे बघितलं. एका तरुण फायरमननं हळूच मान हलवली. शेलारनं हातमोजा काढला आणि स्वतःचा डावा हात समोर धरला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मग तो पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर जाऊन बसला.

मी त्याच्या बाजूला उभी राहिले. तो बोलू लागला.

"एकोणऐंशीत तेलाच्या गिरणीला आग लागली हुती. माझ्या म्होरं बजरंग शिंत्रे हुता. आमी एकाच दिवशी भरती झाल्यालो. त्यो आत गेला आन् त्याच्या मागं दार आपल्या वजनानं लागलं. आसलीच स्प्रिंगची जीभ. आतनं मूठ मोडल्याली. मी कटावणी लावस्तवर…" त्यानं हात झटकला. "तवाच्या आमच्या साहेबांनी सांगितलं, आत पाऊल टाकलं की कुलपाची जीभ भाईर काढायची. मग दार चौकटीत बसतच न्हाई, मागं लागत न्हाई. पाचर निसटली तरी भ्या न्हाई. म्हैनाभर मी घोकत हुतो. मग घोकायचं सोडलं."

"अठरा वर्षं झाली," मी म्हणाले.

"अठरा." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी खोटं बोललो न्हाई, मॅडम."

"माहीत आहे."

"पर ती बाई जन्माची आत गेली आसती." मग त्यानं विचारलं, "मी किती दारं फोडली आसतील वो आजवर?"

तो प्रश्न मला ऐकू आला. मी तो बाजूला ठेवला. म्हणाले, "आधी ह्या दाराचं लिहून होऊ दे. नवी जबानी द्याल?"

"देतो की. चौकशी लागली तर लागू दे."

माझा अहवाल चौदा पानांचा झाला. काजळीचा पट्टा, दोन भोकं, सरावाच्या दारावरचा प्रयोग, पाच साक्षीदारांच्या सह्या. वसगडेकरांनी तो माझ्यासमोर उभ्यानं वाचला.

"म्हणजे हात आपोआप फिरला," ते म्हणाले. "आणि आम्ही हे मानायचं."

"मानू नका. केंद्रावर जा, त्याला पुन्हा करायला लावा. त्याला आधी सांगितलंत तरी घाईत त्याचा हात जाईल."

ते गेले होते, हे मला नंतर कळलं. दोनदा गेले. जूनमध्ये न्यायालयानं उज्ज्वलाला आरोपमुक्त केलं.

त्यानंतरच्या आठवड्यात ती पुन्हा प्रयोगशाळेत आली. आता पिशवीत पेढ्यांचा पुडा होता.

"हे मला घेता येणार नाही," मी म्हणाले.

"माहीत होतं. शिपाईदादांना देते." ती बसली नाही. "कळलं ना मग दारावरून?"

"कळलं." मग मी म्हणाले, "पहिल्यांदा आलात तेव्हा मला तुमचाच संशय आला होता."

"सगळ्यांनाच आला. सख्ख्या भावालासुद्धा. जेवायला वाढायचा, पण रात्री मला वेगळ्या खोलीत झोपवून बाहेरून कडी घालायचा." ती किंचित हसली. "तुम्ही निदान शेवटपर्यंत सगळ्यांवरच संशय घेतलात. वसगडेकर साहेब मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, मॅडमच्या चार ओळींवर एक माणूस सात वर्षांसाठी आत बसलाय, कबूल करून टाक."

ती गेल्यावर मी शिपायाला जुन्या फाइलींचं कपाट उघडायला सांगितलं.

रंगाचं गोदाम, एक्क्याण्णव साल. आत झोपलेला एक हमाल मेला होता. गोदामाचा मुकादम महिपती चौगुले, त्याच्याकडे चावी. मागच्या दाराचं दुहेरी जिभेचं कुलूप. त्या वेळी माझ्याकडे नुसतं कुलूप आलं होतं, दार नाही, पट्टी नाही. मीही मागितलं नव्हतं. विचारलेल्या प्रश्नाचं चार ओळींत उत्तर दिलं होतं: चौकोनी जीभ पूर्ण बाहेर आहे, सबब आगीच्या वेळी कुलूप चावीने बंद होते. खाली माझी सही, तेव्हाची, जरा मोठ्या अक्षरातली.

फोटो अहवालाला टाचलेला होता. मी भिंग घेतलं. वरच्या तिरक्या जिभेवर आडवा काळा पट्टा होता. खालची चौकोनी जीभ फोटोच्या दिव्यात चमकत होती, चारही कडा स्वच्छ.

टेलिफोन ओढून अग्निशमन केंद्राचा नंबर फिरवला. कुणीतरी शेलारला हाक मारली.

"बोला मॅडम."

"शेलार, सहा वर्षांपूर्वी रंगाच्या गोदामाला आग लागली होती. मागचं दार कुणी फोडलं होतं?"

पलीकडे मागे कुणीतरी बंब धूत होतं, पाणी फरशीवर पडत होतं.

"मीच," तो म्हणाला. आणि मग, "कुठं यायचं, मॅडम? कधी?"

"उद्या अकराला, सरकारी वकिलांच्या ऑफिसात," मी म्हणाले. "तुमची जबानी दुसरी. पहिली माझी."